केंद्रप्रमुखाचे दहा दिवस: जिल्हा परिषद शाळा सुधारण्याचा वेग कुठे ठरतो

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या 120 शाळा आणि 10 केंद्रं आहेत असं धरू. म्हणजे एका केंद्राला 12 शाळा. केंद्र म्हणजे शेजारशेजारच्या शाळांचा गट, आणि त्यावर देखरेख करणारा तो केंद्रप्रमुख. आता केंद्रप्रमुखाचा महिना मोजा. कामाचे दिवस 22 ते 23. त्यातला एक शिक्षण परिषदेचा, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीचा, आणि एक तिच्या तयारीचा. पंचायत समितीतल्या बैठकांना दोन-तीन. पोषण आहाराचे हिशेब, यू-डायसच्या (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीच्या) दुरुस्त्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, पुस्तकांचं वाटप, एखादी तक्रार आणि तिची चौकशी यांत आणखी सात-आठ जातात. शाळेत बसायला उरतात दहा, फार तर अकरा दिवस.

दिवसाला एकच शाळा नीट होते. भेट नीट झाली असं कधी म्हणायचं? केंद्रप्रमुख एका वर्गात मागे 40 मिनिटं गप्प बसला. हजेरीपटातून नावं काढून पाच मुलांना त्याने स्वतः वाचायला लावलं. शिक्षकाशी 20 मिनिटं फक्त शिकवण्याबद्दल बोलला, आणि निघताना शेरेबुकात पुढच्या भेटीपर्यंत करायची एकच गोष्ट लिहून गेला. वाड्यावस्त्यांचा रस्ता, परिपाठ आणि पोषण आहाराची वेळ धरली तर एवढ्यात दुपार उलटते. दिवसात तीन शाळा उरकणाऱ्या भेटीत फक्त सह्या होतात.

म्हणजे महिन्याला प्रत्येक शाळेला साधारण एक खरी भेट. तालुक्याच्या शिक्षण व्यवस्थेची वेगमर्यादा ही आहे. मंत्रालयातून किती पत्रं निघाली किंवा किती प्रशिक्षणं झाली यावर वेग ठरत नाही. वर्गात बसून शिक्षकाला मदत करणाऱ्या माणसाच्या दिवसांवर तो ठरतो. एकाच केंद्रप्रमुखाकडे शेजारच्या केंद्राचाही प्रभार असेल, आणि रिक्त पदांमुळे असं सर्रास असतं, तर दोन महिन्यांतून एक भेट येते. एवढ्या अंतराने पहिल्या भेटीतलं बोलणं दोघांच्याही लक्षात राहत नाही.

हा हिशेब न मांडता सुधारणा आखल्या की काय होतं, ते महाराष्ट्राने पुरेसं पाहिलं आहे. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं. त्यातली ‘प्रत्येक मूल शिकू शकतं’ ही भूमिका आणि पायाभूत चाचणीची कल्पना, दोन्ही चांगल्या होत्या. पण एकाच वर्षात सगळ्या शाळांकडून तोच बदल मागितला गेला. मग अनेक ठिकाणी फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांना ज्ञानरचनावाद (मुलाने अनुभवातून स्वतः शिकावं हा विचार) म्हटलं गेलं आणि शाळेने स्वतःच स्वतःला ‘प्रगत’ म्हणून नोंदवलं. 5 जुलै 2021 ला केंद्राचं निपुण भारत अभियान आलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं यासाठी 2026-27 ची मुदत ठेवली गेली. हे लक्ष्यही योग्यच आहे. त्याच काळात 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांना वहीची कोरी पानं जोडली गेली आणि दोनच वर्षांत ती काढायचं ठरलं. 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गणवेशाचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. गणवेश कुणी शिवावा हा वाद इथे घालायचा नाही. अशा प्रत्येक फेऱ्यात मुख्याध्यापकाचे जून-जुलैचे दिवस जातात, हे मात्र पाहायला हवं. शिकवायला वर्षातले सगळ्यात मोलाचे दिवस तेच.

प्रशिक्षण देऊन पुस्तिका वाटल्या की वर्ग बदलतो हा समज तपासून झाला आहे. मुलाला इयत्तेप्रमाणे न बसवता त्याला आज जेवढं येतं त्या पातळीपासून शिकवण्याची ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत सरकारी यंत्रणेतून राबवून पाहिली गेली. बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, पण शाळेचा दिवस होता तसाच ठेवला. मुलांच्या वाचनात फरक दिसला नाही. बिहारमध्येच उन्हाळी शिबिरात हेच शिक्षक फक्त हेच काम करायला बसले, तेव्हा मुलं पुढे गेली. हरियाणात 2012-13 मध्ये तीन गोष्टी वेगळ्या होत्या. रोजच्या वेळापत्रकात या कामासाठी तास राखून ठेवला होता. त्या तासाला मुलं इयत्ता मोडून पातळीप्रमाणे बसत होती. आणि शाळांवर देखरेख करणाऱ्यांनी शिक्षकांना शिकवण्याआधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांचे असे वर्ग घेतले होते. तिथे वाचन सुधारलं. गणित सुधारलं नाही, कारण त्या तासात गणित घेतलंच नव्हतं. जे काम रोज ठरल्या वेळी होतं तेवढंच पुढे जातं, एवढा धडा यातून घ्यावा.

सुरुवात दोन केंद्रांपासून

तालुक्याने पहिल्या वर्षी दोनच केंद्रं घ्यावीत. 24 शाळा. दुसऱ्या वर्षी आणखी तीन, तिसऱ्या वर्षी उरलेली पाच. हे फार हळू वाटेल. जिल्हा परिषदेच्या सभेत ‘आमच्या सर्कलमध्ये का नाही’ असा प्रश्न हमखास येईल. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवावं: पहिल्या दोन केंद्रांतले केंद्रप्रमुख आणि प्रत्येकी चार-पाच शिक्षक हेच पुढच्या तीन केंद्रांचे प्रशिक्षक असतील, आणि ते तयार व्हायला एक वर्ष लागतं. बाहेरून तीन दिवसांसाठी आलेला तज्ज्ञ ऑगस्टमधल्या पावसात पाटोद्याच्या किंवा मंठ्याच्या वस्तीवर परत येत नाही. शेजारच्या केंद्रातले सर येऊ शकतात.

केंद्रं निवडताना सगळ्यांचा एक मोह असतो. रस्त्यावरचं, पट चांगला असलेलं, आधीच नाव कमावलेलं केंद्र घ्यायचं म्हणजे निकाल दिसेल. असं करू नये. एक बऱ्यापैकी केंद्र घ्यावं आणि एक अवघड: तांड्यांचं, ऊसतोडीचं किंवा सीमेवरचं. फिनलंडने 1968 च्या कायद्यानंतर नवी समान शाळा 1972 मध्ये आणली, तीही उत्तरेच्या टोकाकडच्या विरळ वस्तीच्या लॅपलंडपासून. राजधानी हेलसिंकीचा परिसर 1977 मध्ये, सगळ्यात शेवटी आला. सोप्या ठिकाणी जमलेली पद्धत अवघड ठिकाणी मोडते, आणि ती का मोडली हे कळेपर्यंत तालुकाभर पसरलेली असते.

या दोन केंद्रांसाठी मे महिन्यातच तीन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात. केंद्रप्रमुखाकडे दुसरा प्रभार नाही. कोणतीही शाळा एकशिक्षकी नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला 60 पर्यंत पटाला दोन शिक्षक आहेतच; एक जागा रिकामी असेल तर समायोजनात आधी ही जागा भरावी. आणि माहिती मागवण्यावर बंधन. हा तिसरा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण सुधारणा सगळ्यात जास्त तिथेच मरते.

तालुक्याने फेब्रुवारी महिन्यात शाळांकडून मागवलेल्या प्रत्येक माहितीची यादी काढावी. लिंक, गुगल फॉर्म, विहित नमुना, फोटो, ‘आज चारपर्यंत सादर करा’, सगळं त्यात यावं. समोर दोन रकाने करावेत: ही माहिती यू-डायस किंवा राज्याच्या सरल प्रणालीमध्ये आधीच आहे का, आणि ती मिळाल्यावर तालुक्यात कुणी काय ठरवलं? पहिल्याचं उत्तर ‘आहे’ असेल किंवा दुसरा रकाना कोरा राहिला, तर ते मागणं बंद. जे उरेल ते आठवड्यातून एका ठरावीक दिवशी, शाळा सुटल्यावर भरायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम निवडणुकीत मोडतं म्हणून ते टळत नाही. मात्र दोन शिक्षकांच्या शाळेतले दोघेही एकाच वेळी बीएलओ नसावेत, एवढं तहसील कार्यालयाशी बोलून ठरवता येतं.

वर्गातलं काम

पहिलं वर्ष फक्त वाचन आणि संख्या. तिसरी ते पाचवी. शाळा चौथीपर्यंत असेल तर तिसरी-चौथी. पहिली-दुसरीचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे.

शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी घ्यावी. ‘असर’ या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची पातळ्यांची शिडी सोपी आहे: अक्षर ओळखत नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. वाचनाला एका मुलामागे तीन-चार मिनिटं लागतात. 30 मुलं असतील तर दोन तास. ते एकाच दिवशी उरकू नयेत, कारण शेवटच्या दहा मुलांच्या वेळी शिक्षक दमतो आणि अडखळणाऱ्याला ‘येतंय, येतंय’ म्हणून वरच्या पातळीत टाकतो. दोन दिवस, रोज पंधरा मुलं. मूल एकटं बसेल अशी जागा हवी, नाहीतर मागचं मूल ऐकून पाठ म्हणतं. एकच उतारा सगळ्यांना देऊ नये. निदान चार वेगवेगळे कागद असावेत.

मग रोज 90 मिनिटं, जेवणाच्या सुट्टीआधी. खिचडीनंतरचा तास या कामाला निरुपयोगी, आणि मार्चपासून तर उन्हाने पत्र्याखालचा वर्ग भट्टी होतो. 60 मिनिटं वाचन, 30 मिनिटं गणित. तीन गट: अक्षरापर्यंतची मुलं, शब्दावर अडकलेली आणि परिच्छेदाच्या पुढची. शिक्षक पहिल्या गटासोबत 30 मिनिटं बसतो. त्या वेळात दुसरा गट शब्दकार्डं जोडून वाक्यं करतो, तिसरा गोष्टीचं पुस्तक वाचून दोन प्रश्न तयार करतो. उरलेल्या वेळात शिक्षक दुसऱ्या गटाकडे 20 मिनिटं आणि तिसऱ्याकडे दहा मिनिटं.

नेमकी उलटी वाटणी होते, हा या पद्धतीतला सगळ्यात नेहमीचा बिघाड. गोष्ट वाचणारी मुलं उत्तरं देतात म्हणून शिक्षक त्यांच्याजवळ रमतो आणि अक्षराच्या गटाला बाराखडी लिहायला लावतो. पाचवीतलं मूल पाचव्या वर्षी पुन्हा बाराखडी उतरवतं. केंद्रप्रमुखाने भेटीत आधी हेच पाहावं: शिक्षक कुठे बसला आहे?

दुसरा बिघाड गट कायमचे होण्याचा. जूनमध्ये खालच्या गटात बसलेलं मूल जानेवारीतही तिथेच सापडतं आणि सगळी शाळा त्याला ‘अप्रगत’ म्हणून ओळखते. दर 30 कामाच्या दिवसांनी पुन्हा चाचणी आणि त्याच दिवशी गटबदल, हे वेळापत्रकात तारखेसह लिहिलेलं असावं. शब्दाच्या पातळीवर मुलं सगळ्यात जास्त रेंगाळतात. अक्षरं येतात, पण वेलांटी-उकार लागला की थांबतात, आणि जोडाक्षर आलं की अंदाजाने काहीही म्हणतात. इथे शंभर शब्दांची यादी पाठ करून उपयोग होत नाही. एकच स्वरचिन्ह आठवडाभर घ्यावं आणि त्या चिन्हाचे, मुलाच्या तोंडात असलेले दहा शब्द घ्यावेत: तीळ, मीठ, पीठ, वीट. निपुणच्या लक्ष्यात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचण्याची अपेक्षा आहे. घड्याळ लावून वाचन घेतलं की मुलं ‘समजून’ सोडून ‘मिनिटाला’ तेवढं शिकतात. पहिल्या वर्षी घड्याळ बाजूला ठेवलेलं बरं.

साहित्याला फार काही लागत नाही. पाच मुलांच्या गटाला दहा-दहाचे नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या काड्या, म्हणजे 110. तुराट्यांच्या बारीक काड्या फुकट मिळतात. टोकं घासून घ्यावीत. हातच्याची वजाबाकी या गठ्ठ्यांवर शिकवायची: 42 मधून 17 काढताना मूल एक गठ्ठा स्वतः सोडतं, तेव्हा ‘शेजाऱ्याकडून उसना घेतला’ हे वाक्य सांगावं लागत नाही. गोष्टींची पातळ पुस्तकं 60, पाट्या 20, अक्षर-शब्द-परिच्छेद कार्डांचे लॅमिनेट केलेले पाच-सहा संच. हे सगळं पाच हजारांच्या आत बसतं. समग्र शिक्षातून 31 ते 100 पटाच्या शाळेला 25,000 रुपयांचं संयुक्त शाळा अनुदान असतं, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. अडचण रकमेची कमी आणि तारखेची जास्त आहे. पैसा बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपत आल्यावर खात्यात येतो आणि 31 मार्चच्या आत खर्ची टाकायचा असतो. मग जे दुकानात तयार आहे ते घेतलं जातं. शाळा व्यवस्थापन समितीच्या ऑगस्टच्या सभेतच खरेदीची यादी ठरावात घेऊन ठेवावी, म्हणजे मार्चच्या घाईत भिंतीचा रंग आणि फ्लेक्स येत नाहीत. डिजिटल फळा पहिल्या वर्षी नको. वीजबिल भरायला पैसे नसल्याने जोडणी तुटलेल्या शाळेत तो कपाटावरच राहतो.

खोल्यांचं एक वेगळं दुखणं आहे. मराठवाड्यात अजून निजामकाळात बांधलेल्या खोल्यांत शाळा भरतात. भिंती दोन-दोन फूट जाड, पण छत गळकं. पावसात तीन वर्ग एका खोलीत येतात आणि गट पाडून बसवायला जागा राहत नाही. मोडकळीला आलेली खोली पाडण्याचा (निर्लेखनाचा) प्रस्ताव बांधकाम उपविभागाकडे पडून असेल तर ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा समाजमंदिर सकाळच्या त्या 90 मिनिटांसाठी लेखी मागून घ्यावं. इमारतीची वाट पाहण्यात मुलाची तिसरी निघून जाते.

ऊसतोडीचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, दसऱ्याला संपतं

बीड जिल्ह्यात, आणि जालना, परभणी, धाराशिवच्या काही पट्ट्यांत शाळेचं वर्ष सरकारी दिनदर्शिकेवर चालत नाही. कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात निघतात. मुलं सोबत जातात. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेचा पट मोजला जातो 30 सप्टेंबरला, तेव्हा वर्ग भरलेला असतो. दिवाळीनंतर बाकं रिकामी.

अशा केंद्रात ‘दिवाळीपर्यंत वाचन, नंतर गणित’ असं वेळापत्रक चालत नाही. सोळा जूनपासून दसऱ्यापर्यंतचे 85 ते 95 कामाचे दिवस हेच या मुलांचं खरं शैक्षणिक वर्ष. म्हणून वाचन आणि संख्या दोन्ही पहिल्या दिवसापासून, आणि या काळात शिक्षकांचं एकही प्रशिक्षण नको. ते मे महिन्यात घ्या किंवा डिसेंबरात.

कोण जाणार हे ऐनवेळी कळतं, असं अहवालांत लिहिलेलं असतं. ते खरं नाही. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की ते घर जाणार हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांनाच ऑगस्टअखेर घरोघर विचारायला सांगावं: किती कोयते (तोडणी करणाऱ्या जोड्या) जाणार, मुलं कुणाजवळ राहू शकतील, लहान भावंड किती वर्षांचं आहे? हा शेवटचा प्रश्न गाळू नये. नऊ-दहा वर्षांची मुलगी शिकायला नको म्हणून नेली जात नाही; फडावर आई ऊस तोडत असताना कोपीवर (झोपडीवर) बाळ कुणी सांभाळायचं म्हणून नेली जाते. आजीजवळ ते बाळही राहिलं आणि अंगणवाडीत त्याची सोय झाली, तरच ती मुलगी मागे राहते.

हंगामी वसतिगृहाची योजना यासाठीच आहे. मुलं गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि जेवणाची सोय समितीमार्फत होते. ती फसते तारखेवर. प्रस्ताव दिवाळीनंतर गेला, तपासणी होऊन मंजुरी आली, तोपर्यंत ट्रॅक्टर निघून गेलेला असतो आणि कागदावर थांबलेली मुलं फडात असतात. यादी पाच सप्टेंबरला, समितीचा ठराव दहाला, प्रस्ताव पंचायत समितीत पंधराला. पहिला महिना किराणा कसा चालवायचा याचाही ठराव त्याच सभेत घ्यावा, कारण मंजुरी वेळेवर आली तरी रक्कम मागाहून येते. मंजुरी येईल या भरवशावर आई-वडील पोराला ठेवून जात नाहीत. चूल पेटलेली पाहिली तर ठेवतात.

जी मुलं जाणारच, त्यांना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखल्यावाचून बसता येतं. बहुतेक पत्रकांवर नाव, इयत्ता आणि शिक्का एवढंच असतं. त्याच्या मागे तीन ओळी हाताने लिहाव्यात: वाचनाची पातळी, गणिताची पातळी, आणि सध्या काय चाललं होतं. ‘शब्द पातळी, उकार चालू, दोन अंकी संख्या येतात.’ खाली वर्गशिक्षकाचा फोन. तिकडच्या शिक्षकाला एवढ्यावर मूल कुठे बसवायचं ते कळतं. पत्रक मुलाच्या दप्तरात दिलं की ते पहिल्याच मुक्कामात भिजतं, म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईजवळ द्यावं.

आकड्यांची सगळ्यात मोठी फसगतही याच केंद्रात होते, आणि बऱ्याचदा कुणी खोटं न बोलता. समजा जूनमध्ये 40 मुलं होती आणि त्यातली 16 शब्दाच्या खालच्या पातळीवर. म्हणजे 40 टक्के. दिवाळीनंतर 12 गेली, त्यातली दहा याच खालच्या गटातली. मार्चमध्ये उरलेल्या 28 मध्ये खालच्या पातळीवर सहा, म्हणजे 21 टक्के. काहीही न शिकवता मागे असलेल्यांचं प्रमाण जवळपास निम्मं झालं, आणि केंद्राचा सत्कार झाला. म्हणून जूनची आणि शेवटची चाचणी यांची तुलना नावानिशी, त्याच मुलांची करावी. गेलेल्या मुलांची ओळ कोरी न सोडता तिथे ‘स्थलांतरित’ लिहावं आणि एकूण संख्येत ती धरावीत.

घरची भाषा

किनवट-माहूरकडे गोंडी-कोलामी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बंजारा तांडे. तांड्यावरच्या पहिलीतल्या मुलाला आई म्हणजे याडी आणि भाकरी म्हणजे बाटी. ‘भ’ भाकरीचा असं चित्र दाखवलं की ते बरोबर ‘बाटी’ म्हणतं आणि चुकीचं ठरतं. मग ते बोलायचंच थांबतं, आणि दोन वर्षांनी चाचणीत त्याची पातळी ‘अक्षर ओळखत नाही’ अशी लागते. इथे पहिले दोन महिने लिपी पुढे ढकलावी आणि फक्त ऐकणं-बोलणं ठेवावं. गोष्ट मराठीत सांगायची, मुलाने उत्तर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, दिलं तरी चालेल. शिक्षकाला बोली येत नसेल तर तांड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडून नेहमीच्या दोनशे शब्दांची वही करून घ्यावी. बोलीतल्या शब्दांनीच अक्षर ओळख सुरू केली तर ‘ब’ बाटीचा उत्तम चालतो. या शाळांकडून पहिल्या वर्षी इतरांएवढीच गती मागू नये, आणि केंद्राच्या तक्त्यात त्यांना शेवटच्या क्रमांकावर टांगू नये. तक्ता शाळांचा क्रम लावणारा नसावाच.

खरा आकडा कसा मिळेल

शिक्षकाने स्वतःच्या वर्गाची चाचणी घेतली, निकाल वर पाठवला आणि कमी निकालावर नोटीस आली, तर पुढच्या वेळी निकाल चांगलाच येणार. यात शिक्षकाच्या नीतीचा प्रश्न फारसा नाही. यंत्रणेने जे मागितलं ते तिला मिळालं. उपाय दोन. जूनचा आकडा कितीही खाली असला तरी त्यावर खुलासा मागवायचा नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावं. आणि वर्षातून दोनदा शेजारच्या केंद्राच्या केंद्रप्रमुखाने येऊन हजेरीपटावरच्या दर सहाव्या मुलाची पुन्हा चाचणी घ्यावी. शिक्षकाची नोंद आणि ही नोंद यांत दहापैकी एक-दोन मुलांचा फरक चालतो. चार-पाचांचा आला तर त्या शाळेत दोघांनी मिळून पुन्हा चाचणी घ्यावी आणि पातळी कशी ठरवतात ते समजून घ्यावं. बऱ्याचदा फरक लबाडीमुळे पडत नाही. एकजण दोन चुका धरतो, दुसरा चार, एवढाच घोळ असतो.

पहिल्या वर्षी निकालापेक्षा एक वेगळाच आकडा महत्त्वाचा: ठरलेल्या दिवसांपैकी किती दिवस ते 90 मिनिटं खरंच झाली? भिंतीवर दिनदर्शिका लावून झालेल्या दिवसावर खूण करावी, न झालेल्यावर एका शब्दात कारण: बैठक, पाऊस, रजा, सर्वेक्षण, लस. वर्षअखेर या कारणांची बेरीज हा तालुक्याच्या हातातला सगळ्यात उपयोगी कागद असतो. 120 पैकी 100 दिवस झाले तर मुलं हलतात. 50 झाले तर पद्धत बदलायचं काहीच कारण नाही, आधी दिवस मिळवावे लागतील.

लातूर पॅटर्नचं नाव घेऊन प्राथमिकलाही तसंच काही करा, असा आग्रह आपल्याकडे होतो. लातूरच्या महाविद्यालयांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट चिकाटीने केली, एवढं त्यातून जरूर घ्यावं. पण तिथे निवडून आलेली मुलं असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला गावातलं प्रत्येक मूल घ्यायचं असतं, आणि तिसरीत सराव चाचण्यांचा मारा केला की जे मूल वाचू शकत नाही ते घरीच राहतं.

बदली आणि एप्रिल

शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन, राज्याच्या वेळापत्रकाने होतात. तालुका त्या थांबवू शकत नाही. म्हणून पद्धत एका शिक्षकावर उभी करू नये. दोन शिक्षकांच्या शाळेत दोघांनाही तयार करावं आणि वर्षातला निदान एक महिना वर्ग अदलाबदल करून घ्यावेत. शिक्षणसेवक म्हणून नवा आलेला तरुण पहिले 15 दिवस शेजारच्या चालू शाळेत बसला तर नंतरचे सहा महिने वाचतात. त्याला रुजू झाल्याच्या दिवशी चार रजिस्टरं आणि पोषण आहाराच्या कोठीची किल्ली देऊन मोकळं सोडलं जातं, ते टाळायला हवं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून टोळ्या परतू लागतात. तेव्हा शाळा सकाळची असते, परीक्षा सुरू असतात, आणि परतलेलं मूल दारात उभं राहून जातं. त्याला आत घ्यावं, लगेच तोंडी चाचणी घ्यावी आणि सुट्टी लागेपर्यंत रोज दीड तास फक्त या मुलांचा गट चालवावा. पंधरा दिवस मिळाले तरी अक्षराच्या गटातली बरीच मुलं पुन्हा रुळावर येतात, कारण ती विसरलेली कमी आणि बुजलेली जास्त असतात. बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाने एक मे रोजी निकाल वाटून झाल्यावर एकच कागद मागे ठेवायचा आहे: मुलाचं नाव, जूनची पातळी, आजची पातळी, कुठे अडतं, दिवाळीनंतर गावात असतं की फडात. 30 मुलांचा हा कागद करायला दोन तास लागतात. तो कपाटात न ठेवता केंद्रप्रमुखाच्या सहीने हजेरीपटाच्या पहिल्या पानाला चिकटवावा, म्हणजे जूनमध्ये येणाऱ्या नव्या बाईंच्या हाती तो पहिल्याच दिवशी पडेल.